विनिपेग ते दहिसर, लागणारा वेळ

प्रिय ताई,

धवलनं हे पाकीट दिलं असेल तेव्हा सोबत कुळथाचं पीठ आणि आमसुलंही दिली असतील. आधी ती बाहेर काढ आणि पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात भर, असं आईनं तीनदा बजावलंय. मग बस आणि वाच. उभ्यानं वाचू नकोस. घाबरायचं काही नाही, अण्णा आहेत. आज सकाळीच त्यांनी मला झापलं. रिक्षावाल्याशी मी गप्पा मारत उभा राहिलो आणि मीटर चालू होता, म्हणून.

तू म्हणशील, ह्याला पत्र लिहायची बुद्धी कुठून झाली. शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस, आणि बाई तुझं अक्षर ओळखून मलाच उभं करायच्या. पण आपल्या घरात फोन म्हणजे स्पीकर. आई पोळ्या लाटता लाटता मध्ये बोलणार, अण्णा पलंगावरून 'जेवलंस काय' विचारणार, आणि तू तिकडे एक बूट पायात घालून दुसरा शोधत असणार. त्यात महत्त्वाचं काही बोलता येत नाही यार. म्हणून लिहितोय. निम्मं घरी लिहिलं, बाकीचं आता मुलुंडला शकुमावशीच्या गॅलरीत बसून लिहितोय. धवलचं घर मागच्याच सोसायटीत आहे, परवा तो उडणार. मध्येच भरकटलो तर सांभाळून घे, तुला सवय आहे.

दिवाळी झाल्यावर एकदा अण्णांनी मला विचारलं, "किती येळ लागता रे विनिपेगसून हंय येवक?" मी म्हटलं बघतो. फोनवर शोधलं तर एक पान मिळालं. दोन शहरांची नावं टाकायची, मग ते अंतर सांगतं आणि विमानाला किती वेळ लागेल तेही. बारा हजार तीनशे किलोमीटर, पंधरा तास. नकाशावर एक सुंदर वाकडी रेघही काढली होती, थेट उत्तर ध्रुवाच्या कुशीतून जाणारी. मला ती रेघ फार आवडली. किती वेळ मी ती मोठी करून बघत बसलो, खाली कुठले डोंगर येतात, कुठल्या नद्या. मग अण्णांना आकडा सांगितला. ते एकदम खूश झाले. "म्हणजे गावची गाडी आणि वर थोडा," म्हणाले. आपल्या गावची रात्रीची गाडी सकाळी पोचते, त्यावर दोनचार तास. म्हणजे त्यांच्या हिशेबात तू गावालाच राहतेस असं झालं. त्या दिवशी त्यांनी आईकडे अर्धा कप चहा जास्त मागितला आणि मिळाला नाही.

ते का विचारत होते हे तुला कळलं असेल. मला नव्हतं कळलं. मला वाटलं बाप माणूस आहे, मुलीची आठवण आली असेल. पण अण्णा आपल्या ग्रामस्थ मंडळाचे कोण आहेत ते तू विसरली नसशील. मुंबईत आपल्या गावचं कुणी गेलं की पहिला फोन धोंडिराम काकांना आणि दुसरा अण्णांना. गिरणी बंद पडल्यापासून तेच काम. बांबू, सुतळी, मडकं, सगळं घेऊन हजर. तिरडी त्यांनीच बांधायची. आणि बांधायच्या आधी घरच्यांना एका बाजूला घेऊन एकच प्रश्न, कुणाची वाट बघायची आहे काय. त्यावर किती वाजता उचलायचं ते ठरतं आणि मग काका मोबाइलवर सगळ्यांना कळवतात. मंडळाचा नियमच आहे, गावाहून निघालेली गाडी येईपर्यंत थांबायचं. त्याच्यापुढे नाही. मग दिल्लीचा असो की दुबईचा. म्हणजे त्यांना स्वतःच्या वेळची व्यवस्था लावायची होती. तू त्या नियमात बसतेस की नाही, तेवढंच बघत होते.

मी तेव्हा निखालस चूक माहिती दिली होती हे मला विमानतळावर कळलं. तू गेल्यावर मी मध्ये मध्ये हर्षदची टॅक्सी चालवतो, ते तुला सांगितलं होतं का? अण्णांना बोरिवलीला डायलिसिसला नेतो त्या दिवशी नाही, एरवी. अंधेरीहून विमानतळ, विमानतळाहून कुठेही. मी आयुष्यात विमानात बसलेलो नाही आणि लोकांना विमानाला सोडत असतो. गंमत आहे. अरुणाचलपर्यंत ट्रकनं गेलो, स्पितीत एका हॉटेलात दोन उन्हाळे भांडी घासली, गोकर्णला होडीवाल्यांकडे राहिलो, आणि त्या सगळ्या भटकंतीत एकदाही जमीन सुटली नाही. आणि तू, जी कधी वर्गाच्या सहलीलाही गेली नाहीस, ती तिकडे. असो. तर एकदा एक बाई बसल्या गाडीत, लेकीच्या बाळंतपणाला कॅलगरीला निघालेल्या. ते तुझ्याच बाजूला ना. मी म्हटलं, काय पंधरा-सोळा तास लागत असतील. त्या हसल्या. म्हणाल्या, "ते पंधरा तास पक्ष्याला रे बाबा. तसं विमान आहेच कुठे?" मग त्यांनी सगळं समजावलं. इथून एक विमान, मग कुठल्या तरी परक्या शहरात बाकावर पाय वर घेऊन बसायचं, मग दुसरं, मग तिकडे उतरून तिसरं. त्यात एक चुकलं की वाट लागली. आणि म्हणाल्या, वेळ विमानतळापासून धरायचा नाही, दारापासून धरायचा. रजा मागण्यापासून धरायचा, खरं तर.

मी त्यांना सोडलं आणि गाडी बाजूला लावून पुन्हा शोधलं. ते पान खोटं बोलत नव्हतं. खाली बारीक अक्षरात लिहिलंच होतं की हे सरळ रेषेतलं अंतर, अंदाजे वेगानं. मीच खालचं वाचलं नव्हतं. मी कधी खालचं वाचलंय? तुझं खरं येणं म्हणजे तिकीट लगेच मिळालं, बर्फानं विमान अडवलं नाही, सगळं झकास जमलं तरी दीड दिवस. आणि ते कधीच सगळं जमत नाही.

अण्णांना सांगायला चार दिवस लावले मी. सांगितलं तेव्हा ते शेंगदाण्याएवढा बर्फाचा खडा तोंडात घोळवत होते. पाणी मोजून प्यायचं असतं ना, तहान लागली की बर्फ. त्यांनी खडा संपवला आणि म्हणाले, "मगे नाय बसणा." बसत नाही मग. एवढंच. जसं गोणीत नारळ बसत नाही म्हणावं तसं. मी म्हटलं, अण्णा, थांबता येतं हल्ली, शीतपेटी मिळते. त्यावर त्यांनी मला परांजपे चाळीतली गोष्ट सांगितली, जी मी लहानपणी अर्धी ऐकली होती. म्हातारा गेला आणि मुलगा आखातात. मुलगा म्हणाला थांबा, येतोच. तेव्हा पेटी वगैरे नव्हती, बर्फाच्या लाद्या आणल्या. मे महिना. लाद्या वितळायच्या आणि पाणी दाराबाहेर पॅसेजमधून वाहायचं, बायका ते ओलांडून नळावर जायच्या. मुलाला मालकानं सोडलं नाही. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. शेवटी अण्णांनीच मुलाला फोन केला आणि सांगितलं, आम्ही उचलतो. तो तिकडून रडत शिव्या देत होता. "तेचा काय चुकला नाय," अण्णा म्हणाले, "पण म्हातारो भिजत होतो."

त्यानंतर त्यांनी तुझ्या प्रवासाबद्दल पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं विषय मिटला.

आता तुला रागावू नको म्हणून सांगतो. तू दर फोनला विचारतेस, 'मी येऊ का?' आणि अण्णा म्हणतात, 'आता कशाला, मी बरा आसंय.' मग तू म्हणतेस, 'रजा ठेवलीय मी साठवून, लागेल तेव्हा लगेच निघते.' तू प्रेमानं म्हणतेस हे माहीत आहे मला. तिकडे रजा मिळणं काय असतं तेही तू सांगितलंयस. पण ती साठवलेली रजा कशासाठी आहे हे ह्या खोलीतल्या प्रत्येकाला कळतं. फोन ठेवल्यावर आई भांडी जोरात आपटते. अण्णा पंख्याकडे बघत बसतात. मागच्या वेळी म्हणाले, "माझ्यासाठी ठेवलेली रजा माकाच गावाची नाय." तुझ्या रजेतला एक दिवसही त्यांच्या वाट्याला यायचा नाही, असं. चिडून नाही बोलले. हिशेब मांडला.

इथलं तुला किती कळतं मला माहीत नाही. व्हिडिओवर ते दाढी करून बसतात. आठवड्यातून तीनदा बोरिवलीला जायचं, चार तास. जाताना बरे असतात. परवाच्या ताकाबद्दल बोलतात, मेट्रोच्या खांबांना शिव्या घालतात. येताना मी त्यांना काखेत धरून आणतो. मशीनवर असताना रक्तदाब पडतो, पोटऱ्यांत गोळे येतात, परवा तर डोळे फिरवले आणि मला कुणी तरी खुर्चीवर बसवलं, कारण मीच पांढरा पडलो होतो. दुसरा दिवस झोपून जातो. तिसऱ्या दिवशी जरा उठले की पुन्हा निघायचं. रविवार तेवढा मिळतो. आधी माणूस आठवड्यातून तीनदा मशीनला जायचा, आता मशीनच्या सुट्टीत आठवड्यातून एकदा माणूस होतो. तू किडनी देते म्हणालीस आणि मी पण म्हणालो होतो, पण हृदयाच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, ते ऑपरेशन हृदयाला झेपणार नाही. म्हणजे हे असंच चालणार. बरं व्हायचं असं त्यात काही नाहीच, चालू ठेवायचं असतं फक्त.

मीही दमलोय ताई. हे कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षं एका ठिकाणी मी शाळेतही राहिलो नव्हतो. दहिसर ते बोरिवली हा माझा प्रवास आता. कधी कधी नदीच्या पुलावर बाइक थांबवतो आणि चेकनाक्याकडे जाणारे ट्रक बघत बसतो. गुजरात, राजस्थान, पुढे कुठेही. एकाच्या मागे चढलो तर संध्याकाळी वापी. पण चढत नाही. घरी येतो, हात धुतो आणि अण्णांच्या हातावर हात ठेवतो, जिथे सुया टोचायला नस मोठी केलीय तिथे. आत घरघर लागते, फ्रिजसारखी. ती चालू आहे की नाही हे रोज बघायला सांगितलंय. मला आता तिची एवढी सवय झालीय की झोपताना ती ऐकू येते.

बघ, कुठून कुठे गेलो.

तर गोराई. डिसेंबरातला एक रविवार. अण्णा म्हणाले, होडीत बसूया. मी म्हटलं, चला. आई म्हणाली, वेड लागलंय दोघांना. बोरिवलीच्या जेट्टीवरून पलीकडे जायला होडीला किती वेळ लागतो, आपण बसेपर्यंत उतरायचं असतं. पण अण्णा असे बसले होते, टोपी सरळ करून, जणू गावच्या बंदरात निघालेत. त्यांनी नावाड्याला विचारलं, भरती कधी. नावाडी म्हणाला, "अंकल, अभी तो उतार है." अण्णा तोंडातल्या तोंडात म्हणाले, "आमचा पण." आणि स्वतःच हसले.

पलीकडे उतरून थोडं चाललो. बोंबील वाळत घातले होते दांड्यांवर, ओळीनं. तो वास आला आणि त्यांनी डोळेच मिटले. खारं त्यांना वर्ज्य आहे, तुला माहीत आहे. एका कोळीण मावशीनं त्यांना ओट्यावर जागा दिली आणि विचारलं, "काय दादा, आजारी कवापासून?" ते म्हणाले, "दोन वर्सां." ती म्हणाली, "दोन वर्साचं दिसत नाय." एवढ्या वाक्यानं अण्णांना किती बरं वाटलं. तिथेच बसून ते मला म्हणाले, खूप वेळ काही तरी वेगळंच बोलल्यावर, मंडळाच्या पूजेचा मांडव कोण घालणार, प्रसादाला रवा किती, असलं बोलून झाल्यावर म्हणाले, "आता बास झाला रे. पूजा झाली की माका थंय न्हेव नको."

मला आधी वाटलं दुसऱ्या सेंटरला जायचंय म्हणतात. मी म्हटलं, मग कुठे नेऊ? त्यांनी शर्टाची बाही ओढून हातावरची ती नस झाकली. मग मला कळलं, आणि मी काय केलं माहीत आहे, मी समोरच्या बोंबलांचा फोटो काढला. तो फोटो अजून आहे फोनमध्ये.

त्यांनी सगळं लावून ठेवलं होतं ताई. सव्वीस जानेवारीला मंडळाची सत्यनारायणाची पूजा, दरवर्षीसारखी शाळेच्या हॉलमध्ये. आपल्या भावकीत त्याआधी कुणी गेलं तर सुतक, म्हणजे भावकीतला कुणी पूजेला बसू शकत नाही, आणि यंदा पूजेला बसायचा मान आपल्या भावकीचा. धोंडिराम काकांच्या सुनेनं साडीसुद्धा घेतलीय. तेव्हा पूजेआधी नाही. आणि मार्चात शिमगा. गावी पालखी घरोघर येते. सुतक असलं तर आपल्या वाडीत दारासमोरून पुढे जाते, आणि अण्णांच्या मते ह्याच्यासारखी वाईट गोष्ट नाही. तेव्हा शिमग्याच्या आत बारावं-तेरावं उरकलेलं हवं. मधला जो काळ राहतो, तो आपला. माणसं लग्नाचा हॉल असा शोधतात. मी म्हटलं, अण्णा, हे तुमच्या हातात आहे का. म्हणाले, "मशीन बंद करूचा तां आसा." बाकीचं देवाकडे.

आता तू म्हणशील, ह्यानं त्यांना अडवलं नाही. अडवलं. तिथे ओट्यावर, होडीत, घरी, आठवडाभर. मग मी सेंटरमधल्या स्वरदा डॉक्टरांना विचारलं. मला वाटलं त्या ओरडतील आणि माझं काम होईल. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी अण्णांशी एकट्यानं बोलून घेतलं, बराच वेळ, मग पुन्हा दुसऱ्या दिवशी. मनाची उदासी आहे का ते दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं. त्या डॉक्टरांना अण्णांनी पूजेचं आमंत्रण देऊन ठेवलं. शेवटी स्वरदा मॅडम मला म्हणाल्या की त्यांना पूर्ण समजतंय, ठरवायचा हक्क त्यांचा आहे, आणि थांबवलं की आठवडा, फार तर दहा दिवस. दुखणार नाही असं बघता येतं, झोप वाढत जाते, त्या घरी येऊन जातील. मी विचारलं, तुमचे वडील असते तर? त्या म्हणाल्या, मी भांडले असते. मग पुढच्या पेशंटची फाइल उघडत म्हणाल्या, आणि मग थकले असते.

आईला अण्णांनीच सांगितलं. तिनं पिशवी भरली आणि इथे मुलुंडला येऊन बसली, ह्याच गॅलरीत. दोन दिवस. शकुमावशी सांगत होती, ती नुसत्या मेथीच्या जुड्या निवडत होती, मावशीच्या घरच्या आणि शेजारच्यांच्या पण. तिसऱ्या दिवशी आली, दारातच अण्णांशी भांडली की लादी का पुसून घेतली नाही. मग जेवताना त्यांच्या ताटात तिनं माशाच्या आमटीचा एक चमचा वाढला. एकच. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं भाजी पथ्याची, म्हणजे दोनदा उकळून पाणी फेकलेली, केली नाही. अण्णांनी भुरका मारला आणि ते रडले, तिखट लागलं म्हणून, असं म्हणाले.

गाठ पण शिकवली मला. तिरडीची. झाडूच्या दोन काठ्या आणि सुतळी घेऊन, टीव्हीसमोर बसून. दोनदा चुकलो तर म्हणाले, "स्पितीत काय शिकलंस मगे?" तिसऱ्यांदा जमली. धोंडिराम काकांच्या मुलाला पण येत नाही ती, मंडळात अण्णांनंतर ती फक्त मला येते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, जमली असेल तर पसारा उचला, जेवायचंय.

आणि तुझं. तुझ्याबद्दल त्यांनी मला गोराईच्या होडीतच सांगितलं होतं. "तिका सांगा नको. ती येतली, रडतली, आणि मी परत जावन सुयेखाली पडतलंय." तुला ते नाही म्हणू शकत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. दहावीला तुला सायन्स नको होतं तेव्हा सगळ्या घराशी भांडले होते. तुला तिकडे पाठवलं तेव्हा आईला सांगितलं होतं, तिची इच्छा आसा तर माझी पण आसा. तू एकदा 'अण्णा, माझ्यासाठी' म्हणालीस की ते उद्या टोपी घालून रिक्षात बसतील, आणि पुन्हा परवा, आणि पुन्हा. म्हणून त्यांचं ठरलं होतं की तुला नंतर कळवायचं. तू निघालीस काय, पोचलीस काय, गावची गाडी आली की उचलायचं. तुझ्यासाठी थांबायचं नाही.

मी त्यांना हो म्हटलं होतं. तो शब्द मी आत्ता मोडतोय, इथे मेथीची देठं अजून पडलेल्या गॅलरीत बसून. तुला नंतर सांगायचं हे मला जमणार नाही. तुझ्या विमानाच्या त्या दीड दिवसात तू कशी बसली असतीस ते मला डोळ्यांसमोर दिसतं, कुठल्यातरी विमानतळावर, परक्या माणसांमध्ये, आणि इथे मी ती गाठ मारत असणार. ते मी करणार नाही.

तर हे ह्यासाठी लिहिलं. सव्वीसला पूजा आहे. त्यांचं शेवटचं डायलिसिस चोवीसला. तू साठवलेली रजा आत्ता काढ आणि निघ. पूजेच्या आत ये, म्हणजे ते त्या हॉलमध्ये खुर्चीवर बसलेले तुला दिसतील, आल्यागेल्याला तुझी ओळख करून देतील, शिरा आवडला नाही तर तोंड वाकडं करतील. पण ताई, भांडायला येऊ नकोस. फोनवर सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस आणि मी विरघळलो असतो, मी तसाच आहे, म्हणून कागदावर. तुला जो राग यायचा तो येऊ दे, माझा, डॉक्टरांचा, त्यांचा, देवाचा, सगळा. विमानात बसशील तेव्हा तुला दुसरं काही काम नसेल. तिथे रागाव. शेजारच्याला काय वाटायचं ते वाटू दे. ते अंतर एवढं मोठं आहे त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे, की मुंबईला उतरशील तेव्हा भांडण संपलेलं असेल. दार मी उघडेन. आत आल्यावर त्यांना 'परत सुरू करा' म्हणू नकोस. त्यांच्याजवळ बस, गप्पा मार, ते झोपले की झोपू दे. आणि हे जमणारच नाही असं वाटलं, खरंच वाटलं, तर येऊ नकोस. तुला मी कधीच त्यावरून बोलणार नाही, कुणाला बोलू देणार नाही. फक्त मग फोन करून त्यांना रडून दाखवू नकोस. ते ऐकतील, आणि मला त्यांना पुन्हा काखेत धरून आणावं लागेल. ते मी आता करू शकत नाही.

तुझाच, दमलेला, पण इथून कुठे न गेलेला,
सर्वेश